दीडशे जोर आणि दोन बीम

मुलगा 19 वर्षांचा. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला, बारावी झालेला, सैन्यभरतीच्या तयारीला लागलेला. उंची 172 सेंटिमीटर, वजन 61 किलो. रोज पहाटे धावायचा, आल्यावर दीडशे जोर आणि तीनशे बैठका मारायचा. व्यसन कसलंही नाही. आणि बीम, म्हणजे लोखंडी दांड्याला लटकून हनुवटी त्याच्या वर नेणं (पुलअप), काढायला लटकला की दोन. तिसऱ्याला हनुवटी दांड्याच्या चार बोटं खाली अडकायची, मग पाय झटकणं, मान ताणणं, आणि धपकन खाली.

अग्निवीर जनरल ड्युटीच्या मैदानी चाचणीत 1.6 किलोमीटर धावण्याला 60 आणि बीमला 40 गुण असतात. दहा पूर्ण बीम काढल्या तर 40, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. सहाच्या खाली गेलं की विषय संपला. 9 फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (अरुंद, वाकड्या फळीवरून तोल सांभाळत चालणं) नुसते पार करायचे असतात, त्यांना गुण नाहीत. म्हणजे या मुलाच्या तीन वर्षांच्या पहाटा एका लोखंडी दांड्यापाशी येऊन अडल्या होत्या. 2023 पासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला, त्यामुळे बरीच मुलं निकाल लागेपर्यंत बीमकडे बघतच नाहीत आणि मग हातात थोडेच आठवडे उरतात. हा निदान वेळेत आला होता.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण भरतीपुरतं नाही. घरच्या घरी, साधनाशिवाय व्यायाम करणाऱ्या बहुतेक माणसांच्या व्यायामात नेमकी हीच उणीव असते. भरतीच्या मुलाला ती बीमवर दिसते, बाकीच्यांना दहा-पंधरा वर्षांनी खांद्यात आणि कंबरेत कळते.

पहिल्या दिवशी त्याला काहीच शिकवलं नाही, फक्त तपासलं. जोर एका दमात साठ निघाले आणि घाटदार निघाले. बैठक खोल, लयीत. पुढे मात्र चित्र पालटलं. बीमला नुसतं लटकायला सांगितलं तर पंचवीस सेकंदांत पकड सुटली. मग निंबाच्या फांदीला कासरा, म्हणजे बैलाला बांधायचा दोर टाकला, त्याची दोन्ही टोकं हातात देऊन अंग मागे तिरकं झोकायला लावलं आणि छाती हातांपर्यंत ओढ म्हटलं. सहा-सात वेळा नीट झालं, आठव्याला खांदे कानाशी आले. उताणं झोपून एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत, अशी कंबर वर उचलायला सांगितली तर चौथ्या वेळेला मांडीच्या मागे गोळा आला. एका पायावर हळू खाली बसताना डावा गुडघा आत वळत होता. शेवटी भिंतीला पाठ लावून उभा केला. दोन्ही खांद्यांची टोकं भिंतीपासून सुटून पुढे आलेली, आणि उजव्या खांद्यात समोरच्या बाजूला दुखतंय हे त्यानं तेव्हा सांगितलं. दुखणं दोन महिन्यांचं होतं. आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवला, हाडाचं किंवा फाटल्याचं काही नाही अशी खात्री झाल्यावरच पुढे गेलो. दुखऱ्या खांद्यावर अंदाजानं व्यायाम लादू नये.

आता दीडशे जोर मारणाऱ्याला दोनच बीम का, हे नीट समजून घेऊ. साध्या पुशअपच्या स्थितीत हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग येतो, उरलेला पाय पेलतात. 61 किलोच्या मुलाच्या हातांवर म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. जोरात अंग पुढे-मागे सरकतं म्हणून हा भार कमी-जास्त होत राहतो, पण पूर्ण वजन हातांवर कधीच येत नाही. बीमला मात्र सगळे 61 किलो हातांवर, आणि तेही उलट दिशेनं. जोरात काम करतात छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाचा मागचा स्नायू. बीमला लागतो काखेपासून कंबरेपर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू, पाठीवरची फऱ्याची हाडं खाली आणि मागे खेचून धरणारे स्नायू, दंडाची बेटकुळी आणि मनगटापर्यंतची पकड. या गटाला त्याच्या व्यायामात कामच नव्हतं. वर दीडशेचा आकडा हा दमाचा आकडा आहे. जे माणूस एका दमात साठ वेळा करू शकतो, त्यातून दम वाढत राहतो, ताकद फारशी वाढत नाही.

पायांचंही तेच. आपली पारंपरिक बैठक टाचा उचलून, गुडघे पुढे नेऊन मारली जाते. मांडीची पुढची बाजू त्यानं दगडासारखी होते. मांडीमागचे स्नायू आणि नितंब मात्र उपाशी राहतात, आणि वेगानं धावताना पाय मागे ढकलण्याचं काम नेमकं त्यांच्याकडे असतं.

इथे त्याचे आजोबा मध्ये आले. तरुणपणी तालमीत गेलेले, जोर-बैठकांवर जीव असलेले. "गुरुजी, जोर बंद कराया सांगताय व्हय? आमी आयुष्यभर तेच केलं." त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्यांच्याच आठवणीत होतं. मी विचारलं, "आबा, सकाळी हौद्यातली माती कोण खणायचं?" म्हणाले, "आमीच की. फावड्यानं." "आणि दोर?" "दोर चढायचो. मल्लखांबाला लोंबायचो." तालमीतला पैलवान जोर मारून घरी जात नसे. तो फावड्यानं माती ओढायचा, दोर चढायचा, आणि मग तासभर जोडीदाराची मान, मनगट, लांग खेचत लढायचा. ओढण्याचं सगळं काम तिथे आपोआप व्हायचं, म्हणून जोर-बैठकांत ते घालायची गरज कुणाला पडली नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवी उभारी दिली, त्या विद्येत तर पकड, चढण आणि लोंबणं हाच गाभा. कुस्ती सुटली, माती सुटली, दोर गेला. घराच्या फरशीवर जे विनासाधन करता येतं तेवढंच उरलं: जोर, बैठका, सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कारातही अंग लांबतं, वाकतं, हातांवर पेललं जातं, पण काहीही स्वतःकडे ओढलं जात नाही. हा त्या व्यायामांचा दोष अजिबात नाही. आपण एका जोडीतला अर्धाच भाग उचलून त्याला पूर्ण व्यायाम म्हणू लागलो, एवढंच झालंय.

आबा लगेच राजी झाले. कासरा त्यांनीच काढून दिला, सुती आणि जाड, हाताला न कापणारा.

आराखडा करताना मी स्नायूंची यादी धरत नाही, हालचाली धरतो. समोर ढकलणं, डोक्यावर ढकलणं, समोरून ओढणं, वरून ओढणं, गुडघ्यातून बसणं, खुब्यातून वाकणं, आणि धड न हलू देता धरून ठेवणं. या सातांपैकी आठवड्यात एकही सुटता कामा नये, आणि जी कच्ची असेल तिला ताजेपणी, सुरुवातीलाच जागा द्यायची. त्याच्या दोनच जागा भरलेल्या होत्या. म्हणून पहिले सहा आठवडे ओढणं दुप्पट आणि ढकलणं निम्मं, असं ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकदीचे, प्रत्येकी पाऊण तासाच्या आत. मंगळवार आणि शनिवार वेगाची धाव, गुरुवारी सावकाश धाव, रविवार सुट्टी. रोजचे दीडशे जोर बंद.

सुरुवात बीमनं, पण उलट्या बाजूनं. कट्ट्यावर उभं राहून हनुवटी दांड्याच्या वर घेऊन धरायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं, हात पूर्ण सरळ होईपर्यंत. तीन-तीनचे चार सेट. माणूस जेवढं उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली सोडू शकतो, म्हणून ज्याला बीम निघत नाही त्याला आधी उतरणं शिकवावं. प्रत्येक दोन सेटमधल्या विश्रांतीत मागचा पाय पारावर टेकवून एका पायावर बसायचं, आठ-आठ वेळा. हात दमतात तेव्हा पाय काम करतात, वेळ वाचतो. डावा गुडघा आत वळतोय का यावर पहिले तीन आठवडे माझी नजर असायची. गुडघ्याचं तोंड पायाच्या मधल्या बोटांकडे राहिलं पाहिजे, एवढी एकच सूचना मी देत होतो.

नंतर कासरा. या व्यायामाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ज्यांच्याकडे दांडा नाही त्यांचा सगळा प्रश्न यातून सुटू शकतो. दोराची दोन टोकं छातीच्या उंचीला यावीत अशी बांधायची, त्यांना गाठी मारायच्या म्हणजे हात घसरत नाही. टाचा रोवून, अंग फळीसारखं ताठ ठेवून मागे झुकायचं. आता आधी कोपर वाकवायचं नाही. आधी फऱ्याची हाडं मागे-खाली घ्यायची, छाती आपोआप पुढे येते, मग कोपरं बरगड्यांना घासत मागे न्यायची. पहिल्या आठवड्यात त्याला हा क्रम जमत नव्हता, हातानंच ओढायचा. मी दोन फऱ्यांच्या मध्ये बोट ठेवून "हे चिमटीत पकड" म्हणायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला तिथे स्नायू आहेत हे पहिल्यांदा जाणवलं, आणि तिथून बीमचा रंग बदलला. भार वाढवायला वजन लागत नाही. पाय एक पाऊल पुढे सरकवले की अंग आडवं होतं आणि ओढायचं वजन वाढतं. शेवटी पाय पारावर ठेवून, अंग जमिनीला समांतर करून तो हे करायचा, आणि त्यात हातावर येणारा भार पुशअपच्या भारापेक्षा कमी नसतो.

ढकलण्यासाठी जोरांच्या जागी पाय कट्ट्यावर ठेवून पुशअप, तीन सेकंदांत खाली, तळाला एक सेकंद थांबा, दहाचे दोन सेट. साठ जोर मारणारा मुलगा पहिल्या दिवशी सातव्यालाच थांबला, तेव्हा आकडा आणि ताकद यातला फरक त्याला माझ्या बोलण्याशिवाय समजला. डोक्यावर ढकलण्यासाठी कंबर वर, अंग उलट्या व्हीसारखं, आणि डोकं दोन हातांच्या पुढे जमिनीकडे नेणारा पुशअप. खांदा दुखायचा थांबल्यावरच, म्हणजे पाचव्या आठवड्यापासून, हा घेतला.

मांडीमागच्या बाजूसाठी सुरुवातीला एका पायावरचा पूल, म्हणजे तपासणीतलं तेच उताणं झोपून कंबर उचलणं. पुढे शाळेच्या व्हरांड्यातल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर टाचांखाली गोणपाट घेऊन, कंबर उचललेली ठेवून, टाचा सावकाश लांब सरकवायच्या आणि परत आणायच्या. बघायला सोपं, करायला फार अवघड. साधनाशिवाय मांडीमागचा स्नायू इतका कसून घेणारा दुसरा सोपा प्रकार मला माहीत नाही. शेवटी एका कुशीवर कोपराच्या आधारानं अंग ताठ धरणं, बीमला लटकून गुडघे छातीकडे आणणं आणि पायरीच्या कडेवर एका पायाची टाच वर-खाली. यात लिहिण्यासारखं विशेष नाही, नियमानं करायचं असतं.

वाढ कधी करायची याचा एकच नियम दिला होता. ठरलेले सगळे सेट पूर्ण झाले आणि तरी अंगात आणखी दोन काढायची ताकद शिल्लक वाटली, की पुढच्या वेळी प्रकार अवघड करायचा: पाय उंच, एक पाय, सावकाश गती किंवा तळाला थांबा. आकडा पंधराच्या पुढे पळवायचा नाही. लोखंड उचलणारा ताटल्या वाढवतो, इथे वजन तेच राहतं म्हणून कोन आणि वेळ वाढवायचा. विनासाधन व्यायाम काही महिन्यांनी कुंठतो अशी तक्रार येते, त्यामागे बहुतेक वेळा हे टाळलेलं असतं.

जेवणाकडेही बघितलं, फार खोलात न जाता. ताकद वाढवणाऱ्याला दर किलो वजनामागे दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे त्याला शंभर ग्रॅमच्या आसपास. भाकरी भरपूर होती, बाकी तोकडं. अर्धा लिटर दूध, तीन-चार अंडी, मूठ-दोन मूठ शेंगदाणे आणि दोन्ही वेळच्या ताटात मटकी किंवा हुलग्याची घट्ट उसळ एवढं वाढवलं. पावडरचा डबा घ्यायची गरज नव्हती, घरची ऐपतही नव्हती.

चौथ्या आठवड्यात खांद्याचं दुखणं गेलं. बीम चार झाल्या, स्वच्छ, हात पूर्ण सरळ करून. सहाव्या आठवड्यात मात्र गाडी अडली. तो कोपराच्या आतल्या बाजूला हात धरून आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, चार झाल्याच्या उत्साहात तो सुट्टीच्या दिवशीही निंबाला लटकत होता, सकाळ-संध्याकाळ. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, त्याला हाडाशी बांधणारा कंडरा त्याहून कितीतरी सावकाश तयार होतो. पोरांना हे पटत नाही, कारण अंगात ताकद आलेली त्यांना स्पष्ट जाणवत असते. दहा दिवस बीम आणि उतरणं दोन्ही बंद केलं. कासरा चालू ठेवला, पण तळवे एकमेकांसमोर ठेवून, हलक्या कोनात, दुखणार नाही एवढाच. पाय आणि धड नेहमीसारखं. त्याला वाटलं होतं सगळं गेलं. दहा दिवसांनी लटकला तर चार तशाच निघाल्या आणि पाचवी अर्ध्यापर्यंत आली. तिथून पुढे बीमच्या दिवसांची संख्या त्यानं स्वतःहून कधी वाढवली नाही.

आठव्या आठवड्यापासून ढकलणं आणि ओढणं बरोबरीला आणलं. बीममध्ये पद्धत बदलली: एका दमात जेवढ्या निघतात त्याच्या निम्म्याच काढायच्या, पण सेट पाच-सहा, मध्ये दोन-अडीच मिनिटांची विश्रांती. पाच निघत असतील तर दोन-तीनचे सेट. प्रत्येक बीम मैदानावर मोजली जाईल अशीच: तळाला हात सरळ, वर हनुवटी दांड्याच्या वर, पायाला झटका नाही. शेवटपर्यंत ओढाताण करून काढलेल्या वाकड्या बीमांनी फक्त वाकडी सवय लागते असं माझं ठाम मत आहे.

चौदाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा तीच तपासणी घेतली. बीम नऊ. लटकणं एक मिनिटाच्या वर. एका पायाचा पूल प्रत्येकी पंधरा, गोळा नाही. डावा गुडघा सरळ. वजन साडेबासष्ट. भिंतीला पाठ लावली तेव्हा खांद्यांची टोकं पूर्वीपेक्षा खूप मागे होती, उजवा अजून किंचित पुढे. आबांच्या समाधानासाठी एका दमाचे जोरही घेतले: अठ्ठावन्न. तीन महिने रोजचे दीडशे बंद असून दोनच कमी. धावण्याची वेळही सुधारली होती, पण ते श्रेय मी या आराखड्याला एकट्याला देणार नाही, कारण धावण्याचा सरावही त्याच काळात बदलला होता. मांडीमागे गोळा येणं थांबल्यामुळे त्याला वेगाचे फेरे पूर्ण करता आले, इतकं नक्की.

दहावी बीम अजून बाकी आहे. नऊ आणि दहा यांत सात गुणांचं अंतर आहे, त्यामुळे तिच्यासाठी आठवड्यातल्या एका दिवशी पुन्हा सावकाश उतरणं ठेवलंय, यावेळी आठ सेकंदांचं आणि फक्त दोन सेट.

हेच प्रकरण चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं असतं तर मी सात हालचाली त्याच ठेवल्या असत्या, प्रकार उतरवले असते. पुशअप भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून, बसणं खुर्चीपर्यंत, पूल दोन्ही पायांवर, ओढणं गच्चीच्या मजबूत खांबाला बांधलेल्या दोरावर किंवा नगरपालिकेच्या बागेतल्या खुल्या व्यायामशाळेच्या दांड्यावर, अगदी थोडं मागे झुकून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. दोन दिवस, अर्धा-अर्धा तास, त्यात बसेल असा हा आराखडा आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, आणि श्वास कोंडून ताकद लावायची नाही. दोर बांधण्याआधी खांब आणि गाठ दोन्ही पूर्ण वजन टाकून तपासा. दाराच्या कडीला किंवा पडद्याच्या रॉडला तो कधीच बांधू नका.